काच फुटली, काच फोडली

“मी नाही फोडली, फुटली!” काचेचा पेला हातून निसटला की मराठी घरातलं चार वर्षांचं मूल असं म्हणतं. अकर्मक आणि सकर्मक हे शब्द त्याच्या गावीही नसतात. पण फुटणं आणि फोडणं यांत बोलणी कुणाला बसतात, हे त्याला चोख कळलेलं असतं. फुटायला काच पुरते, फोडायला कुणीतरी लागतो. तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे, वाळणे-वाळवणे, भिजणे-भिजवणे. अशा जोड्या आपल्या तोंडात इतक्या बसलेल्या असतात की त्या जोड्या आहेत हेसुद्धा जाणवत नाही.

इंग्रजीत याच ठिकाणी एकटा ‘ब्रेक’ उभा असतो. ‘द ग्लास ब्रोक’ म्हणजे पेला फुटला आणि ‘आय ब्रोक द ग्लास’ म्हणजे मी पेला फोडला. शब्दाचं रूप तसूभरही बदललेलं नाही. बदलली ती जागा. पहिल्या वाक्यात पेला क्रियापदाच्या आधी आहे, दुसऱ्यात नंतर. ओपन, बर्न, मेल्ट, ड्राय, बॉइल, चेंज, मूव्ह, स्टॉप ही सगळी याच चालीची क्रियापदं. मराठीत शब्दाच्या पोटात जे सांगितलं जातं, ते इंग्रजी शब्दांच्या क्रमातून सांगते.

मराठीला मात्र हे एकाच रूपानं भागवणं सहसा चालत नाही. इंग्रजीतून उसनं आणलेलं क्रियापदही ती आपल्या शिस्तीत बसवून घेते. ‘मोबाइल चार्ज केला’ आणि ‘मोबाइल चार्ज झाला’, ‘फाइल डाउनलोड केली’ आणि ‘फाइल डाउनलोड झाली’. मूळ इंग्रजीत डाउनलोड दोन्हीकडे चालतं. आपण करणे आणि होणे जोडून त्याचे दोन शब्द केले, तेही कुणी न शिकवता. भाषेची जाण ती हीच, आणि ती मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाकडे आहे.

तीच जाण उलट्या प्रवासात आडवी येते. ‘अपघात झाला’ हे इंग्रजीत नेताना ‘झाला’साठी काहीतरी हवंसं वाटतं आणि ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ असं वाक्य तयार होतं. हॅपनमध्ये ‘झाला’ आधीच सामावलेला आहे, ‘वॉज’ला तिथे काम नाही. शिवाय बी या क्रियापदाचं रूप आणि पुढे तिसरं रूप (गो-वेंट-गॉनमधल्या गॉनसारखं) आलं की इंग्रजी कानाला तो कर्मणी प्रयोग ऐकू येतो, आणि कर्मणी प्रयोगाला मुळात कर्म लागतं. हॅपनला कर्म नसतंच. हॅपन, ऑकर, अराइव्ह, डिसअपिअर, बिलाँग, कन्सिस्ट यांचा कर्मणी प्रयोग कधीही होत नाही. शंका आली तर एक प्रश्न विचारावा: कुणी कशाला ‘हॅपन’ केलं? उत्तर सुचत नसेल तर वॉज काढून टाकावा.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी क्रियापदांचे प्रकार बहुतेकांना एका यादीच्या रूपातच भेटतात: सकर्मक, अकर्मक, सहाय्यक, जोडणारी, स्थितिदर्शक. नाव, व्याख्या, दोन उदाहरणं, आणि परीक्षेत ‘प्रकार ओळखा’. या यादीनं वाक्य बनवता येत नाही. प्रकार म्हणजे त्या क्रियापदाची मागणी. त्याला नंतर वस्तू हवी की माणूस, मध्ये टू लागतो की नाही, इंग लावून घेईल की नाही, पुढचं क्रियापद कोणत्या रूपात येऊ देईल. अर्थ कळला पण मागणी कळली नाही, तर शब्द पाठ असूनही वाक्य चुकतं. आणि मराठी माणसाचं वाक्य जिथे चुकतं, तिथे जवळपास नेहमी मराठीचं एखादं धडधाकट व्याकरण इंग्रजीच्या जागी काम करत असतं. अशा चुकीला ‘इंग्रजी कच्चं’ एवढंच म्हणून लाल रेघ मारणं अन्यायाचं आहे. ती चूक कुठून आली हे दाखवलं तर ती एकदाच सुधारावी लागते.

पडणे-पाडणेसारख्या जोड्या इंग्रजीतही एके काळी होत्या, आणि त्यांतल्या काही अजून टिकून आहेत. फॉल म्हणजे पडणे, आणि झाड पाडणे म्हणजे ‘फेल अ ट्री’. राइज म्हणजे वर येणे, रेज म्हणजे वर करणे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. ड्रिंक म्हणजे पिणे, आणि ड्रेंच म्हणजे मुळात पाजणे, आता चिंब भिजवणे. आतला स्वर बदलून करवण्याचा अर्थ आणायचा, ही युक्ती संस्कृतातली ‘पतति-पातयति’ आणि इंग्रजीच्या पूर्वज भाषेतली ही रूपं यांना एकाच घराण्यातून मिळालेली आहे.

यातली सर्वांत त्रासदायक जोडी लाय आणि ले. लाय म्हणजे आडवं असणं, पडून असणं. त्याची रूपं लाय, ले, लेन. ले म्हणजे ठेवणं, आडवं करणं. त्याची रूपं ले, लेड, लेड. अडचण उघड आहे: पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचं मूळ रूप दिसायला आणि ऐकायला अगदी सारखं. ‘द बुक ले ऑन द टेबल ऑल डे’ म्हणजे पुस्तक दिवसभर टेबलावर पडून होतं. ‘आय लेड द बुक ऑन द टेबल’ म्हणजे मी पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यात भर म्हणून खोटं बोलण्याचा लाय वेगळाच आहे, त्याचं लाय, लाइड, लाइड असं सरळ चालतं. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे त्यांचीही इथे सर्रास गल्लत होते. मराठी माणसाकडे मात्र एक आयती फूटपट्टी आहे. मनात ‘पडून’ आलं तर लाय-ले-लेन, ‘ठेवून’ आलं तर ले-लेड-लेड.

सकर्मक क्रियापदाला कर्म लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते कर्म थेट येतं की मध्ये एखादा छोटा शब्द घेऊन येतं, हे कुणी सांगत नाही, आणि बोलण्यातल्या बऱ्याचशा चुका तिथेच होतात. आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ किंवा ‘डिस्कस ऑन’. खोलीत प्रवेश करतो, म्हणून ‘एंटर इन द रूम’. कुणाशी तरी लग्न करतो, म्हणून ‘मॅरी विथ’. स्टेशनला पोचतो, म्हणून ‘रीच टू द स्टेशन’. मराठीचे प्रत्यय इमानेइतबारे भाषांतरित झालेले आहेत. पण डिस्कस, एंटर, मॅरी, रीच, आन्सर, अटेंड, रिझेम्बल यांच्या पोटातच तो ‘वर’, ‘त’, ‘शी’, ‘ला’ गेलेला असतो, त्यांना नंतर थेट नाम हवं. उलट आपण गाणं ऐकतो, मध्ये काही न घालता, म्हणून ‘लिसन म्युझिक’ येतं. तिथे इंग्रजीला टू हवाच. गंमत म्हणजे डिस्कशन हे नाम झालं की अबाउट चालतो. ‘वी डिस्कस्ड द बजेट’, पण ‘वी हॅड अ डिस्कशन अबाउट द बजेट’. क्रियापदाची मागणी आणि त्याच्यापासून झालेल्या नामाची मागणी वेगळी.

दोन कर्मं घेणाऱ्या क्रियापदांत आणखी एक भेद आहे. ‘गिव्ह मी द बुक’ चालतं. ‘टेल मी’, ‘शो मी’, ‘सेंड मी’, ‘टीच मी’ चालतं. ‘एक्स्प्लेन मी’ मात्र चालत नाही, ‘एक्स्प्लेन इट टू मी’ म्हणावं लागतं. ‘सजेस्ट मी अ गुड हॉटेल’ चालत नाही, ‘डोनेट द स्कूल अ कंप्यूटर’ही नाही. यामागे इंग्रजीचा इतिहास आहे. घरची जुनी, छोटी क्रियापदं माणूस आणि वस्तू दोघांना शेजारी शेजारी बसू देतात. लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेली लांब क्रियापदं माणसाला टू लावून मागे पाठवतात: एक्स्प्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, अनाउन्स, इंट्रोड्यूस, डोनेट. ऑफर आणि प्रॉमिस यांचं मूळही लॅटिनमध्ये, पण उच्चारातला जोर पहिल्याच अक्षरावर असल्यानं ती घरच्यांसारखी वागतात. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण नव्या क्रियापदाशी गाठ पडली की अंदाज बांधायला पुरतो. से आणि टेलचा गोंधळही इथलाच. ‘तो मला म्हणाला’ हे निर्दोष मराठी, म्हणून ‘ही सेड मी’. सेला माणूस थेट चालत नाही, टेलला माणसाशिवाय सहसा करमत नाही.

‘मी आज केस कापले’ असं आपण सलूनमधून येऊन सांगतो, आणि कात्री कुणी चालवली हे कुणी विचारत नाही. ‘दिवाळीला दोन ड्रेस शिवले’ असं म्हणणाऱ्या बाईकडे शिलाई मशीन असेलच असं नाही. इंग्रजी इथे फार काटेकोर आहे. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की ऐकणारा आरसा आणि कात्री डोळ्यांपुढे आणतो. दुसऱ्याकडून करून घेतलं तर ‘आय हॅड माय हेअर कट’. आता हेच शब्द जरा हलवून पाहा. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे मी स्वतःच केस कापले होते. शब्द तेच पाच, फक्त कट एका जागेवरून दुसरीकडे गेला आणि न्हावी वाक्यातून नाहीसा झाला. मराठीत हे सगळं मांडायला ‘घेणे, लावणे, देणे’ अशी सोय आहे, आणि ती इंग्रजीशी छान जुळते. करून घेतलं तिथे हॅव किंवा गेट. करायला लावलं तिथे मेक. करू दिलं तिथे लेट. हॅव, मेक आणि लेट यांच्यानंतर माणूस आणि मग क्रियापदाचं मूळ रूप, मध्ये टू नाही: ‘शी मेड मी वेट’. गेटला तेवढा टू लागतो: ‘शी गॉट मी टू वेट’. आणि मेकचा कर्मणी प्रयोग केला की हरवलेला टू परत येतो: ‘आय वॉज मेड टू वेट’.

‘हॅलो, ऐकू येतंय का?’ याचं इंग्रजी बऱ्याच ऑनलाइन बैठकांत ‘आर यू हिअरिंग मी?’ असं होतं. मराठीत ऐकू येतंय, दिसतंय, समजतंय, आठवतंय, वाटतंय या सगळ्यांत चालू काळाचा ‘तंय’ अगदी सुखानं नांदतो. इंग्रजी मात्र क्रियापदांचे दोन ढीग करते. काही क्रियापदं घडण्याची: चालणं, लिहिणं, शिजवणं. त्यांना इंग चालतं. काही असण्याची: नो, बिलीव्ह, अंडरस्टँड, ओन, बिलाँग, कंटेन, नीड. त्यांना सुरुवात-मध्य-शेवट नसतो, म्हणून ‘चालू आहे’ म्हणायला काही शिल्लकच नसतं. ‘आय ॲम नोइंग हिम’ इथे चुकतं ते याच कारणानं. ओळख ही चालू असलेली क्रिया नाही, ती असते किंवा नसते. ऐकू येणं आणि दिसणं यांच्यासाठी इंग्रजी सरळ कॅन वापरते: ‘कॅन यू हिअर मी?’, ‘आय कॅन सी युअर स्क्रीन’.

पण ही यादी पाठ करून भागत नाही, कारण एकच क्रियापद अर्थ बदलला की ढीग बदलतं. ‘आय हॅव अ कार’ ही मालकी, तिथे इंग नाही. ‘आय ॲम हॅविंग लंच’ हे जेवणं, तिथे आहे. ‘आय थिंक ही इज राइट’ हे मत. ‘आय ॲम थिंकिंग ऑफ सेलिंग द कार’ हा डोक्यात चाललेला विचार. ‘ही इज रूड’ हा स्वभाव, ‘ही इज बीइंग रूड’ हे आत्ता या क्षणी मुद्दाम केलेलं वागणं. म्हणून शब्दाकडे न पाहता अर्थाकडे पाहून एक चाचणी करावी: ही क्रिया मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येते का? जेवण येतं. गाडीची मालकी येत नाही.

मला आवडतं, मला वाटतं, मला भूक लागली. अनुभव घेणारा मराठीत ‘मला’ होतो, इंग्रजीत ‘आय’ होऊन कर्त्याच्या खुर्चीत बसतो. हा फरक फार मूलभूत मानला जातो, पण जुनी इंग्रजी आपल्यासारखीच होती. लाइकचा पूर्वज ‘आवडवणे, पसंत पडणे’ या अर्थाचा होता आणि माणूस तिथे चतुर्थीत असे, अगदी ‘मला’सारखा. जुन्या लिखाणात ‘मीथिंक्स’ असा एक शब्द सापडतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘मला वाटतं’. त्यातलं थिंक हे विचार करण्याचं नव्हतं, ‘भासणे’ या अर्थाचं एक वेगळं जुनं क्रियापद होतं, ते पुढे लोप पावलं. इंग्रजीनं विभक्तीचे प्रत्यय गमावले, मग कर्ता कोण आणि कर्म कोण हे सांगायला जागेशिवाय काही उरलं नाही, आणि क्रियापदाच्या आधीची जागा रिकामी ठेवणं तिला परवडेनासं झालं. आपल्याकडे ‘उजाडलं’, ‘सांजावलं’, ‘मळमळतंय’ अशी कर्त्याविना चालणारी भावकर्तृक क्रियापदं आहेत. इंग्रजीला पावसासाठीसुद्धा तिथे कुणीतरी बसवावं लागतं: ‘इट इज रेनिंग’. तो इट कुणीच नाही. जागा भरली, एवढंच त्याचं काम.

जोडणाऱ्या क्रियापदांवर फार वेळ घालवायला नको. ‘लागणे’ आणि ‘दिसणे’ ज्याला येतात त्याला ती आलेली असतात. भाजी खारट लागते, ‘द भाजी टेस्ट्स सॉल्टी’. ती दमलेली दिसते, ‘शी लुक्स टायर्ड’. इथे पुढे विशेषण येतं, क्रियाविशेषण नाही. क्रियापदाच्या जागी ‘इज’ घालून वाक्य टिकलं तर विशेषण घालावं. ‘ही लुक्ड अँग्री’मध्ये वॉज घालता येतो. ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट मी’मध्ये येत नाही, कारण तिथे तो खरोखर पाहतो आहे.

खरी गंमत सहाय्यक क्रियापदांची, आणि इथे थांबून नीट पाहावं असं काहीतरी आहे. ‘तो गेला असला पाहिजे’ हे वाक्य घ्या. इंग्रजीत ते ‘ही मस्ट हॅव गॉन’ होतं. आता मराठी वाक्य ‘तो’नंतर शेवटाकडून वाचा: पाहिजे, असला, गेला. इंग्रजी सुरुवातीकडून वाचा: मस्ट, हॅव, गॉन. एकास एक जुळतात, फक्त आरशात पाहिल्यासारखी. ‘तो अभ्यास करत असला पाहिजे’ म्हणजे ‘ही मस्ट बी स्टडीइंग’. ‘तो जाऊ शकतो’ म्हणजे ‘ही कॅन गो’. मराठीत मुख्य क्रियापद पुढे आणि सहाय्यक मागे, इंग्रजीत सहाय्यक पुढे आणि मुख्य मागे. कॅन, मस्ट, मे, शॅल यांना एस लागत नाही, कारण ती फार पूर्वीची भूतकाळी रूपं वर्तमानात गोठलेली आहेत. आपलं ‘पाहिजे’ही तसंच, ‘पाहणे’च्या जुन्या कर्मणी रूपात गोठलेलं. मला पाहिजे, तुला पाहिजे, त्यांना पाहिजे. अनेकवचनी वस्तूसाठीचा ‘पाहिजेत’ सोडला तर ते हलत नाही.

या आरशातून एक गोष्ट आपोआप निघते. मराठीत वाक्याचा काळ रांगेच्या टोकाशी असतो, इंग्रजीत रांगेच्या तोंडाशी. रांगेतला पहिला काळ सांभाळतो, आणि प्रत्येक जण आपल्या मागच्याचं रूप ठरवतो. डू आणि कॅन-मस्टसारख्यांच्या मागे मूळ रूप. हॅवच्या मागे तिसरं रूप. बीच्या मागे इंग, नाहीतर कर्मणी असेल तर तिसरं रूप. एवढ्या तीन वाक्यांत इंग्रजीची सगळी संयुक्त रूपं बसतात. ‘हॅव वेंट’, ‘कॅन वेंट’, ‘डिड वेंट’ या चुका वेगवेगळ्या वाटतात, पण तिन्हींत रांगेतल्या मागच्यानं पुढच्याचं ऐकलेलं नाही. बोलण्यात ‘ही’ला चिकटलेला नुसता ड ऐकू आला तर तो हॅड की वुड, हेही याच नियमानं कळतं. पुढे गॉन असेल तर हॅड, गो असेल तर वुड.

‘ही डिडन्ट वेंट’ इतकं चिवट का, याचंही उत्तर इथेच आहे. ‘तो गेला नाही.’ मराठीत गेला जसाच्या तसा राहतो आणि नाही येऊन शेजारी उभा राहतो. ‘तो गेला का?’ इथेही तेच. म्हणून वेंटला हात न लावता डिडन्ट जोडावंसं वाटतं. इंग्रजीत नकार आणि प्रश्न दोन्ही सहाय्यकाच्या खांद्यावर चालतात. सहाय्यक नसेल तर डूला बोलावतात, आणि तो आला की काळ त्याच्याकडे जातो, मुख्य क्रियापद मोकळं होऊन मूळ रूपात येतं. सोळाव्या शतकाच्या आसपास ही पद्धत जोर धरू लागली. त्याआधी ‘आय नो नॉट’ असं सरळ म्हणत, आपल्या ‘मी जाणत नाही’च्याच क्रमानं. ‘व्हॉट डू यू डू?’ या वाक्यात दोन डू आहेत ते यामुळेच. पहिला हमाल, दुसरा मालक. हॅवचंही असंच दुहेरी आयुष्य आहे. ‘हॅव यू ईटन?’मध्ये तो सहाय्यक, ‘डू यू हॅव अ पेन?’मध्ये मुख्य.

नकाराची एक बारीक जागा सोडून पुढे जाता येत नाही. मस्ट आणि हॅव टू होकारात जवळजवळ सारखे असतात, नकारात दोन टोकांना जातात. ‘यू मस्टन्ट कम’ म्हणजे यायचं नाही. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे यायची गरज नाही. मराठीतला ‘येऊ नकोस’ आणि ‘यायला नको’ हा फरक अगदी तसाच आहे. ऑफिसच्या ईमेलमध्ये हे दोन उलटसुलट झाले तर सुट्टीच्या दिवशी आलं तरी चालेल असं माणूस घरी बसतं किंवा घरी बसायचं ते हजर होतं.

थांबणे या क्रियापदानं टू आणि इंगचा प्रश्न फार सुंदर सुटतो. ‘तो चहा प्यायला थांबला’ म्हणजे ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’. ‘त्यानं चहा पिणं थांबवलं’ म्हणजे ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. ‘प्यायला’चा ला टूकडे जातो, ‘पिणं’चा णं इंगकडे. तसंच ‘कुलूप आठवणीनं लावलं’ म्हणजे ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’, आणि ‘कुलूप लावल्याचं आठवतंय’ म्हणजे ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’. साधारणपणे टू पुढे पाहतो आणि इंग मागे. वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज यांच्यानंतर टू, कारण आधी मन ठरतं, मग कृती. फिनिश, ॲडमिट, एंजॉय यांच्यानंतर इंग, कारण कृती झालेली किंवा होत असते. हा आधार सगळीकडे पुरत नाही. ‘मला पोहायला आवडतं’ यात ला असूनही ‘आय एंजॉय स्विमिंग’च म्हणावं लागतं, आणि सजेस्ट पुढचं सुचवत असूनही इंग मागतं: ‘ही सजेस्टेड गोइंग बाय ट्रेन’. ही पाठच करावी लागतात. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ ही अर्जांतली आणि ईमेलमधली नेहमीची चूक. तिथला टू क्रियापदाचा नाही. त्याच्यापुढे इट घालून पाहा, ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ चालतं. म्हणजे त्याला नाम हवं, म्हणून मीटिंग.

फ्रेजल वर्ब्सची, म्हणजे क्रियापदाला अप-ऑफसारखा छोटा शब्द जोडून झालेल्या जोड्यांची, मराठी माणसाला उगाच धास्ती वाटते. गिव्ह म्हणजे देणे, मग गिव्ह अप म्हणजे सोडून देणे कसं? पण सोडून देणे यात तरी कुणाला काय देतो आपण? खाऊन टाक, लिहून काढ, देऊन टाक, पडून राहा, बोलून जा. दुसऱ्या क्रियापदानं आपला अर्थ टाकून पहिल्याला पूर्णपणाची, झटक्याची किंवा रेंगाळण्याची छटा दिली. इंग्रजीत ते काम अप, ऑफ, आउट, डाउन करतात. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक, ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून घे. यात तंत्राची एकच गोष्ट सांभाळायची. पुट ऑफ, टर्न डाउन, स्विच ऑफ यांच्यात सर्वनाम मध्येच बसतं: ‘स्विच इट ऑफ’, ‘स्विच ऑफ इट’ नाही. लुक आफ्टर, लुक फॉर यांच्यात ते शेवटीच येतं: ‘लुक आफ्टर हिम’. पूर्ण नाम मध्ये घालून पाहावं. ‘स्विच द फॅन ऑफ’ चालतं, ‘लुक द बेबी आफ्टर’ चालत नाही. आणि दिवा, पंखा, टीव्ही यांच्या ‘बंद कर’ला क्लोज वापरू नये. क्लोज दारा-खिडक्यांना, दुकानांना आणि पुस्तकांना.

अनियमित क्रियापदं सुमारे 200 आहेत आणि ती तालात पाठ केलेलीच बरी. कट, पुट, हिट, शट यांच्यासारखी न बदलणारी एकत्र, सिंग-सँग-संग आणि रिंग-रँग-रंग एकत्र, ब्रिंग-ब्रॉट आणि थिंक-थॉट एकत्र. वर्णानुक्रमानं पाठ करण्यापेक्षा ध्वनीच्या गटानं ती लवकर बसतात. वहीत क्रियापद कधीही एकटं लिहू नये. ‘एक्स्प्लेन: समजावणे’ ही नोंद अर्धी आहे. ‘एक्स्प्लेन समथिंग टू समबडी’ ही पूर्ण.

गोचा भूतकाळ वेंट का, हा प्रश्न प्रत्येक वर्गात एखादं मूल विचारतंच, आणि बहुतेकदा ‘तसंच आहे’ एवढंच ऐकून खाली बसतं. त्याला सांगावं की वेंट हा वेंड नावाच्या दुसऱ्या क्रियापदाचा भूतकाळ होता, तो गोनं घेतला. आणि मग विचारावं, जाणेचा भूतकाळ ‘जाला’ का नाही? जाणे आलं संस्कृत ‘या’ धातूपासून, आणि गेला आला ‘गम्’च्या ‘गत’पासून. दोन्ही भाषांनी याच एका क्रियापदात दोन धातू शिवले. बीचं तर आणखी पुढे गेलं. ॲम आणि इज हे ‘अस्’चे सगोत्र, बी आणि बीन हे ‘भू’चे, आणि वॉज-वर हे ‘वस्’चे, म्हणजे राहणे. आपलं असणेही असंच ठिगळाचं आहे, त्याचा भूतकाळ ‘होता’ हा होणेकडून, ‘भू’कडून आलेला. ‘आय वॉज इन पुणे’ यातला वॉज आणि आपल्या वस्तीतला, निवासातला ‘वस’ एकाच मुळाचे आहेत.